तेलाचा काय कसूर?

आमच्या अंगणात चिऱ्यांची फरसबंदी आहे आणि तिच्यावर मधोमध एक काळा डाग आहे. अम्मीने तो राखेने घासला, सोड्याने घासला आणि शेवटी त्याच्यावर कोंबड्यांचे डालगे ठेवून ती मोकळी झाली. हा डाग अब्बांच्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलमधून गळलेल्या तेलाचा आहे. दोन वर्षे ते तेल गळत होते आणि दोन वर्षे आम्ही त्याच्यावर इलाज करीत होतो. (आम्ही म्हणजे एकटेच. उर्दू शिकवता शिकवता 'हम' जिभेवर बसला, तो मराठीत 'आम्ही' होऊन उतरतो. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.)

अब्बा कुवेतला होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि हजारो हिंदुस्थानी कामगारांबरोबर अब्बाही एका बॅगेनिशी घरी परतले. आम्ही तेव्हा दोन वर्षांचे होतो. पुढच्या वर्षी अम्मीच्या बांगड्या मोडून त्यांनी जुनी जीप घेतली. महिंद्रची, विलीज सीजे-३बीच्या घराण्यातली, उंच नाकाची. मंडणगड तालुक्यातल्या आमच्या वाडीला तेव्हा धड रस्ता नव्हता. तांबडी माती, जांभ्याचे दगड आणि मध्ये एक पऱ्या. पावसाळ्यात पऱ्याला गुडघाभर पाणी असले तरी ही जीप चारही चाकांना जोर लावून पार व्हायची. बाळंतिणी, आजारी माणसे, आंब्याच्या पेट्या, एकदा तर पैलतीरी वारलेल्या एका नातेवाइकाची मय्यत, सगळे या जीपने वाहिले.

अब्बा पाहुण्यांना हटकून एक गोष्ट ऐकवतात. ही कंपनी १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचे नाव महिंद्र अँड मोहम्मद होते. मलिक गुलाम मुहम्मद हे त्यातले भागीदार. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव बदलून महिंद्र अँड महिंद्र झाले. त्याच सुमारास मुंबईत विलीजच्या जीपांची जुळणी सुरू झाली. गोष्ट संपली की अब्बा बॉनेटवर हात ठेवून म्हणतात, "गेलेला गेला. जीप इथंच राहिली. आपणही इथंच राहिलो." ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली असेल. तिच्यात अब्बांना जे सांगायचे असते ते एकाही पाहुण्याला समजावून सांगावे लागलेले नाही.

आता रस्ता झाला आहे, पण पऱ्यावर अजून फरशीच आहे आणि एसटी मुख्य रस्त्यावरच थांबते. वाडीतली उर्दू शाळा सातवीपर्यंत. पुढचे हायस्कूल नऊ किलोमीटरवर, जिथे आम्ही शिकवतो. मुलगे सायकलने, कुणाच्या मोटरसायकलवर जातात. मुलींचे शिक्षण मात्र सातवीला थांबायचे. अब्बांनी प्रवासी वाहतूक सोडली तेव्हा त्यांच्या हाताला काम राहिले नाही. मग आम्ही शाळेला निघताना तेच जीप काढू लागले आणि मागच्या बाकांवर वाडीच्या मुली बसू लागल्या. आधी तीन, मग पाच, मग आठ. भाडे एका पैशाचे नाही. मुलींच्या घरचे कधी फणस आणून देत, कधी सुके बोंबील.

अशा जीपच्या मागच्या आसाखाली २०२१ च्या पावसाळ्यानंतर थेंब दिसू लागले.

डिफरन्शियल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी शाळेतलेच उदाहरण देतो. सव्वीस जानेवारीच्या संचलनात मुलांची रांग वळते तेव्हा आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा जवळजवळ धावतो. तरच रांग सरळ राहते. गाडी वळते तेव्हा मागच्या दोन चाकांचेही तसेच असते. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना पोचवायचा आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या चालीने चालू द्यायचे, हे काम आसाच्या मधोमध असलेल्या त्या बिडाच्या गोळ्यात होते. आत एक लहान दातेरी चाक असते, पिनियन, आणि त्याने फिरणारे मोठे चाक, क्राउन. आमच्या जीपमध्ये क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. म्हणजे मधला शाफ्ट जवळजवळ साडेपाच वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. हे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. म्हणून त्यांना जाड, गंधकाच्या वासाचे गिअर ऑइल लागते. ते फार नसते, सुमारे सव्वा लिटर. ते संपले तर दात दाताला खातो.

पिनियन जिथून बाहेर येते तिथे एक ऑइल सील असते. रबराचा ओठ असलेले कडे. थेंब तिथूनच येत होते. आम्ही तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये जीप नेली. त्यांनी सील बदलले. तीन महिने बरे गेले, मग पुन्हा थेंब. पुन्हा सील. या वेळी दोनच महिने. तिसऱ्यांदा आम्ही चिडून म्हणालो, "कंपनीचे अस्सल सील टाका, पैशाकडे पाहू नका." ते सील सहा आठवड्यांत गळू लागले. मग आम्ही शहाणपणाचा उपाय काढला. दर पंधरवड्याला वरून तेल भरायचे आणि खाली पत्र्याचा डबा ठेवायचा. अब्बा म्हणत, "बाबा, हे काही खरं नाही." आम्ही म्हणत असू, "जुनी गाडी आहे अब्बा, गळणारच."

इथे एक कबुली द्यायला हवी. बी.एड.ला आम्हांला 'निदानात्मक चाचणी व उपचारात्मक अध्यापन' हा घटक होता. विद्यार्थी चुकतो तेव्हा आधी चुकीचे मूळ शोधावे, मग उपचार करावा. त्यावर आम्ही आठ पाने लिहिली होती आणि त्या पेपरात वर्गात सर्वांत जास्त गुण मिळवले होते. पण अंगणात तेल गळत असताना निदान हा शब्द आम्हांला एकदाही आठवला नाही. तीनदा उपचार केला, एकदाही चाचणी घेतली नाही.

२०२३ च्या जुलैतली गोष्ट. पाऊस पहाटेपासून लागला होता. जीपमध्ये आठ मुली, पुढे अब्बा आणि आम्ही. पऱ्याच्या उतारावर अब्बांनी ब्रेक दाबला. जीप थांबण्याऐवजी एकदम उजवीकडे ओढली गेली. अब्बांनी दोन्ही हातांनी चाक धरून ठेवले. जीप जांभ्याच्या बांधाला घासत गेली आणि पाण्याच्या अलीकडे कलती होऊन उभी राहिली. मागे किंकाळ्या. एका मुलीच्या कपाळाला टेंगूळ आले, डबे सांडले, दप्तरे भिजली. अल्लाहची मेहेरबानी, यापेक्षा जास्त काही झाले नाही. अब्बा मात्र बराच वेळ चाक सोडत नव्हते. त्यांच्या हाताची बोटे आम्ही एकेक करून सोडवली.

त्या संध्याकाळी दोन घरांतून निरोप आला. पोरींची शाळा आता पुरे.

आम्ही दोन्ही घरी गेलो. आठवीतल्या मुलीच्या दादीने पाणी दिले आणि शांतपणे म्हटले, "सर, तुमच्यावर राग नाही. पण गाडी गळते हे वाडीला माहीत होतं. तुम्हांलाही माहीत होतं." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

जीप ओढून नेली ती तालुक्याच्या गॅरेजमध्ये नाही, तर खेडच्या बाजूला हमरस्त्यावर असलेल्या एका मिस्त्रीचाचांकडे. चाचा मूळचे मिरजेकडचे. वयाने सत्तरीचे, एका डोळ्याला मोतीबिंदू. अब्बांची त्यांची ओळख जुनी. चाचांनी गाडीखाली न जाता फक्त विचारले, "कितनी बार सील डाले?" आम्ही म्हणालो, तीन. चाचांनी मान हलवली. "तेल का क्या कसूर है सर? अंदर दम घुटता इसका." मग त्यांनी हाक मारली आणि आतून जो मुलगा हात पुसत बाहेर आला त्याला पाहून आम्ही चपापलो.

हा आमचा विद्यार्थी. २०१८ साली नववीतून शाळा सोडून गेलेला. वर्गात तो शेवटच्या बाकावर झोपायचा. आम्ही त्याला उभे करायचो, तर तो उभ्याउभ्या पेंगायचा. एके दिवशी सगळ्या वर्गासमोर आम्ही त्याला म्हणालो होतो, "तुझी जागा इथं नाही, गॅरेजमध्ये आहे." वर्ग हसला होता. हे वाक्य आम्ही त्याच्याआधी आणि त्याच्यानंतरही कितीतरी मुलांना ऐकवले होते. आमच्या उस्तादांनी आम्हांला ऐकवले, तेच आम्ही पुढे चालवले.

"अस्सलामु अलैकुम, सर," तो म्हणाला आणि जॅक घेऊन गाडीखाली गेला.

पुढचे दोन दिवस आम्ही त्याच्याजवळ स्टुलावर बसून होतो. त्याने आधी जीप घोड्यांवर घेतली आणि पुढच्या चाकांना दगडांची ओट लावली. मग खालचे बूच काढून तेल परातीत घेतले. तेल काळे असायला हवे होते, ते दुधाळ चहासारखे निघाले. "पाणी गेलंय आत," तो म्हणाला. त्याने एक चुंबक तेलातून फिरवला. चुंबकाला राखाडी पेस्टसारखा भुगा चिकटला. तो बोटांवर चोळून त्याने दाखवला. "एवढी झीज चालते. कपच्या निघाल्या असत्या तर क्राउन-पिनियन गेलं असतं." मग मागची चाके आणि ड्रम उतरवले. डाव्या ड्रममधून तेल ओघळले. डिफरन्शियलचे तेल आसाच्या नळीतून चाकापर्यंत जाऊन, आतले सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर आले होते. डावा ब्रेक धरत नव्हता, उजवा धरत होता. म्हणून जीप उजवीकडे ओढली गेली. जे तेल आम्ही अंगणात डब्यात धरीत होतो, ते दुसऱ्या वाटेने मुलींच्या जिवावर उठले होते आणि आम्हांला ते दिसत नव्हते.

शाफ्ट सोडवण्याआधी त्याने शाफ्टवर आणि योकवर पंचाने खूण केली, म्हणजे परत बसवताना जोड होता तसाच जुळावा. पिनियनचा मोठा नट सोडून त्याने योक बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि आमच्या हातात दिला. "सर, नख फिरवा." आम्ही नख फिरवले. जिथे सीलचा ओठ टेकतो तिथे नख एका चरीत अडकले. इतक्या वर्षांच्या घासण्याने पोलादात चर पडली होती. "या चरीवर कितीही नवं सील बसवा, अस्सल बसवा, ते गळणारच. सील तीनदा बदललं, योक एकदाही कुणी पाहिला नाही." योक त्याने लेथवाल्याकडे पाठवला. तिथे तो घासून त्यावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवून आली.

पण खरी गोष्ट पुढे होती. आसाच्या नळीच्या वरच्या अंगाला चिखलाचा एक फोड होता. आम्ही तो गेली कित्येक वर्षे पाहिला असेल, पण चिखल म्हणूनच. त्याने तो स्क्रू ड्रायव्हरने टोकरला. आतून करंगळीएवढी पितळी टोपी निघाली. "हा ब्रीदर. डिफरन्शियलला श्वास घ्यायला." त्याने टोपी काढून तोंडाने फुंकली. हवा गेली नाही. आतला तांबडा चिखल विटेसारखा घट्ट झाला होता.

मग त्याने जे समजावले ते असे. गाडी चालली की दात घासतात, तेल तापते, आतली हवा फुगते. ब्रीदर उघडा असेल तर जादा हवा निघून जाते. बंद असेल तर ती दुसरी वाट शोधते आणि जाताना तेल घेऊन जाते. सीलचा ओठ तेल अडवायला केलेला असतो, हवेचा दाब सोसायला नाही. आणि हीच तापलेली गाडी पऱ्याच्या थंड पाण्यात शिरली की आतली हवा एकदम आकसते. मग तोच आस बाहेरचे पाणी आत ओढून घेतो. चढावर तेल बाहेर, पऱ्यात पाणी आत. म्हणून तेल दुधाळ.

आम्ही विज्ञानाचे शिक्षक नव्हे, तरी उष्णतेने हवा प्रसरण पावते हे सातवीच्या मुलांना तोंडपाठ असते. आमच्याही तोंडपाठ होते. ते जीपला लागू होते हे मात्र आम्हांला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी जोडणी झाली. सगळे भाग डिझेलने धुतले. नवे सील बसवताना त्याने स्प्रिंगची बाजू आत ठेवली आणि ओठाला तेलाचे बोट लावले. कोरडे सील पहिल्याच फेरीत जळते म्हणे. मागच्या झाकणाची जुनी पॅकिंग खरवडून काढली, दहा बोल्ट समोरासमोर एकेक करून आवळले. नट आवळल्यावर योक हाताने फिरवून पाहिला. किंचित जड फिरायला हवा, ढिला नको आणि अडकताही नये. चाकांची सीले नवी, लायनर दोन्ही बाजूंचे नवे. तेलात भिजलेले लायनर धुऊन वापरण्याची सूचना आम्ही काटकसरीने केली, ती त्याने ऐकलीसुद्धा नाही. एकाच बाजूचे बदलले तर गाडी पुन्हा ओढणार, हे त्याने वरून सांगितले. तेल भरण्याच्या भोकात करंगळी घालून कडेपर्यंत तेल आल्याची खात्री केली. "जास्त भरलं तरी गळतं, सर." शेवटी ब्रीदरच्या जागी त्याने रबरी नळी जोडली आणि तिचे तोंड वर चॅसीपर्यंत नेऊन बांधले, म्हणजे पऱ्याचे पाणी तिथवर पोचू नये. सगळ्या कामात स्वस्त वस्तू कोणती असेल तर ती नळी.

संध्याकाळी तो हात धूत असताना आम्ही न राहवून विचारले, "तू वर्गात झोपायचास का रे?"

तो हसला. "सर, पहाटे तीनला बेकरीत जायचो. सात वाजेपर्यंत घरोघर पाव टाकायचो. अब्बा मुंबईला आजारी होते ना तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परातीतल्या दुधाळ तेलाबद्दल जसा बोलला होता तसाच बोलला. आम्ही त्याची माफी मागितली. तो गडबडला, "असं नका बोलू सर," म्हणाला आणि पाने जागेवर लावू लागला.

घरी येताना वाटेत आम्ही अब्बांशी फार बोललो नाही. अल-जझरी नावाच्या कारागिराने १२०६ साली यंत्रांवर एक अरबी ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच इल्म आणि अमल हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. इस्लामी संस्कृतीचा सुवर्णकाळ शिकवताना आम्ही हे नाव अभिमानाने सांगतो. आणि त्याच तासाला अमल करणाऱ्या हातांची धमकी मुलांना देतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दाखवून दिले की मुस्लिम कामगारांत स्वतःचे हातकाम, स्वतःचा लहान धंदा करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. आमच्या समाजाची चूल बऱ्याच अंशी या हातांवर पेटते. या मुलांना शाळा हवीच. पण शाळेने त्यांना लाजवून बाहेर काढायचे आणि मग गळतीचे आकडे भरायचे, हे आम्ही सीलमागून सील बदलण्यासारखेच करीत आलो. शिक्षण खात्याच्या भाषेतही त्याला गळतीच म्हणतात.

त्या मुलाला आम्ही सतरा नंबरच्या फॉर्मविषयी सांगितले. बाहेरून दहावीला बसता येते. दहावी झाली की आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला अर्ज करता येतो. तो म्हणाला, "पाहू सर, सीझन संपू दे." अजून त्याने फॉर्म भरलेला नाही. आम्ही महिन्यातून एकदा जातो, चहा पितो, विषय काढतो. गणित शिकवायला कुणी मिळाले तर पाहतो म्हणतो. ४३ भागिले ८ त्याला कागदाशिवाय येते.

जीप दुरुस्त होऊन आली त्या रात्री अब्बांनी मागच्या आसाखाली पांढरा पुठ्ठा टाकला. फजरच्या नमाजनंतर आम्ही दोघे बॅटरी घेऊन वाकलो. पुठ्ठा कोरडा होता. दुसऱ्या दिवशीही कोरडा, पंधरवड्यानंतरही कोरडा. अब्बांनी तो पुठ्ठा दोन्ही घरी नेऊन दाखवला. नववीतली मुलगी चार दिवसांनी परत आली. २०२५ च्या मार्चमध्ये तिने दहावीची परीक्षा दिली आणि परीक्षा केंद्रावर ती याच जीपने गेली.

आठवीतली मुलगी आली नाही. तोवर तिला मुंबईला खालाकडे पाठवले होते, घरकामात मदत करायला. आम्ही पत्र पाठवले, फोन केला. तिकडच्या उर्दू शाळेचा पत्ता दिला. तिचे नाव आमच्या हजेरीपटात लाल रेघ मारून कमी झाले. ती रेघ आमच्याच हाताने मारावी लागली.

अंगणातला डाग अजून आहे. चिऱ्याने तेल खोलवर पिऊन घेतले आहे, ते निघायचे नाही. अम्मीचे डालगे आम्ही बाजूला ठेवायला सांगितले. शाळेला निघताना तो डाग दिसावा असे वाटते. वर्गात कुणी पेंगताना दिसले की आम्ही आता त्याच्या बाकाशी जाऊन हळूच विचारतो, "रात्री किती वाजता झोपलास?"